घरी भरलेले काडतूस



आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर काही मंडळींनी आम्हांला वाटेतच गाठले. 'घरच्या घरी दारू भरणे हा काय व्याख्यानमालेचा विषय झाला?' असे त्यांचे म्हणणे. त्यांचा रोख कोणत्या दारूकडे होता हे आम्ही विचारले नाही. आमची दारू बंदुकीची. आणि वापरलेले काडतूस घरी पुन्हा भरण्याचा हा उद्योग आपल्याकडला नव्हे, अमेरिकेतला. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्यासाठी वेगळ्या परवान्याची गरज असते. पिस्तूल बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनविण्याचा परवाना नव्हे. तेव्हा येथून घरी जाऊन कोणी काही करून पाहावे असा आमचा हेतू मुळीच नाही. तिकडे मात्र शिक्षक, सुतार, पेन्शनर अशी साधी माणसे संध्याकाळी मोटारीच्या खोलीत बसून हे काम करतात. ती ते कसे करतात, आणि विशेषतः कशी चुकतात, हे पाहण्यासारखे आहे.

आधी काडतूस म्हणजे काय ते पाहू. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून चालू आहे, आणि तेथे काम केलेली काही माणसे या सभेतही असतील; त्यांनी आम्हांला सांभाळून घ्यावे. काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली टोपी, पोटात दारू आणि तोंडात गोळी. चाप ओढला की टोपीवर टोला बसतो, ती पेट घेते, तिची ज्वाळा बुडाच्या भोकातून दारूत शिरते, आणि दारूचा वायू होऊन गोळीला ढकलतो. त्याच क्षणी पुंगळी फुगून आपल्या घराच्या भिंतीला चिकटते व वायूला मागे येऊ देत नाही; दाब उतरला की पितळ किंचित आत येते आणि पुंगळी सुटते. चौघांपैकी तीन भाग खर्ची पडतात. उरते ती पुंगळी, आणि तीच सगळ्यांत महाग. ती फेकून द्यावयाची कोणाच्या जिवावर येणार नाही?

म्हणून ती पुन्हा भरतात. हाताने दाबावयाच्या यंत्रात पुंगळी पोलादी साच्यात दाबून पहिल्या मापावर आणतात. त्याच वेळी एक सुई बुडाच्या भोकातून जाऊन जुनी टोपी बाहेर पाडते. या भोकाची एक मौज आहे. १८६६ च्या सुमारास टोपीच्या दोन रचना निघाल्या. एक इंग्रज अधिकारी बॉक्सर याची, दुसरी अमेरिकन बर्डन याची. बॉक्सरच्या पुंगळीला मधोमध एकच भोक. बर्डनच्या पुंगळीला बाजूंना दोन बारीक भोके. पुढे इंग्रजाची रचना अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने. मधले भोक सुईला सापडते, बाजूची भोके सापडत नाहीत; एवढ्या एका गोष्टीने अमेरिकेत घरगुती भरणे सोपे झाले. आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले, त्या प्रकारात वापरतात ते पॉइंट बावीसचे काडतूस तर सहसा कोणी पुन्हा भरत नाही. त्याला निराळी टोपीच नसते. पेटणारे द्रव्य पुंगळीच्या काठाच्या आत फासलेले असते, आणि टोला बसून तो काठ एकदा चेपला की संपले.

मापावर आलेल्या पुंगळीत नवी टोपी, मग दारू, मग गोळी, आणि शेवटी पुंगळीच्या तोंडाला हलकासा दाब. ऐकावयास किती सोपे! दारू मोजतात ग्रेनमध्ये. आपल्या जुन्या सोनारांना हे माप परके वाटू नये, कारण इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरला होता. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक ग्रेन अर्ध्या गुंजेहून जरासा जास्त. पिस्तुलाच्या एका काडतुसात जाणारी दारू पुष्कळदा दोन-तीन गुंजांची असते. तिचे नेमके प्रमाण दारू बनविणारेच छापून देतात, ते एका ठरावीक दारूचे व एका ठरावीक गोळीचे असते, आणि मित्राच्या तोंडून ऐकलेला आकडा कितीही खात्रीचा वाटला तरी वापरावयाचा नाही असा या लोकांचा दंडक आहे. दुसरा दंडक असा, की टेबलावर एका वेळी दारूची एकच बाटली. दोन निराळ्या दारवा डोळ्यांना हुबेहूब सारख्या दिसतात. जळण्याचा वेग मात्र एकीचा दुसरीच्या कितीतरी पट.

आता चुकांकडे वळू. टोपी पुरती खाली बसली नाही, तर पहिला टोला तिला नुसते खाली बसविण्यात खर्च होतो, काडतूस उडत नाही, आणि दुसऱ्या टोल्याला उडते. लोक दोष पिस्तुलाला देतात. अशा वेळी चाप ओढूनही आवाज झाला नाही तर पिस्तुलाचे तोंड निशाणाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबावयाचे असते, कारण दारू कधी कधी उशिरा पेटते.

दुसरी तक्रार काडतूस पिस्तुलात नीट न बसण्याची. तिचे मूळ बहुधा त्या शेवटच्या दाबात असते. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीला बुडाशी कड असते, ती कडेवर टेकते. म्हणून तिच्या तोंडाची किनार गोळीच्या खाचेत चांगली वळवून घेतली तरी चालते. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची पुंगळी तोंडाच्या किनारीवरच टेकते. तीच किनार वळविली तर काडतूस जास्त आत जाते आणि टोला अपुरा पडतो. एका ठिकाणी जो गुण तोच दुसऱ्या ठिकाणी दोष. दाब कमी पडला तर आणखी निराळे संकट. पिस्तुलात चढताना गोळी आत ढकलली जाते, दारूची जागा आवळते आणि दाब एकदम वाढतो. मोटारीच्या चाकात चौरस इंचाला तीसएक पौंड हवा असते. नऊ मिलिमीटरच्या काडतुसाची ठरविलेली मर्यादा ३५,००० पौंडांची आहे. तेथे गोळी थोडीशी खाली सरकणे ही लहान गोष्ट नव्हे.

हे सगळे आम्ही ज्यांच्याकडे पाहिले ते ओहायोतले आमच्या मुलीचे शेजारी. कारखान्यात लेथवर जन्म घालविलेले, आता निवृत्त. त्यांच्या टेबलाजवळ आम्ही पुष्कळ संध्याकाळी काढल्या. एका शनिवारी ते आणि त्यांचा बाविशीचा नातू नेमबाजीच्या मैदानावर निघाले, आम्हीही बरोबर गेलो. आम्ही नुसते पाहणारे. पाहुणा म्हणून गेलेल्या परक्या माणसाला तिथल्या कायद्याने पिस्तूल सहसा हाती धरता येत नाही, आणि धरण्याची आम्हांला हौसही नव्हती. नातू अडतीस स्पेशल रिव्हॉल्व्हर चालवीत होता. काडतुसे आजोबांनी भरलेली. बारा व्यवस्थित उडाली. तेराव्याला धडाक्याऐवजी नुसते 'फट्' झाले, फटाका ओला निघावा तसे. मुलगा हसला, आणि त्याचे बोट पुन्हा चापावर गेले.

"थांब!" म्हातारा असा ओरडला की शेजारच्या रांगेतली माणसेही थांबली.

त्यांनी रिव्हॉल्व्हर घेतले, रिकामे केले, नळीत लाकडी दांडी घातली. दांडी मध्येच अडली. त्या काडतुसात दारू नव्हतीच. टोपीच्या अंगी एवढे बळ असते की दारूवाचून ती गोळीला नळीत ढकलते. पण नळीबाहेर काढण्याइतके नाही. चौदावी गोळी तिच्या पाठीवर जाऊन बसली असती आणि नळी फुगली किंवा फाटली असती. मोठा आवाज झाला तर माणूस आपण होऊन थांबतो. लहान आवाजाला तो हसतो आणि पुढचा चाप ओढतो. या साऱ्या उद्योगात आम्हांला भीती वाटली ती त्या हसण्याची.

आम्हांला वाटले, प्रकरण येथे मिटले. त्यांना तसे वाटले नाही. पन्नासांची ती खेप, तेरा उडालेली, सदतीस उरलेली. ती पेटी त्यांनी मोटारीत मागे ठेवली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. एकात दारू नाही, तर तिच्या वाटची कोठे गेली, हा त्यांचा प्रश्न होता. अडतीस स्पेशल १८९८ च्या सुमारास जुन्या काळ्या दारूसाठी निघाले. ती दारू जागा फार खाई, म्हणून पुंगळी लांब. आजची धूररहित दारू त्या पुंगळीच्या तळाशी चिमूटभर दिसते. दोनदा भरली तरी गोळी खुशाल बसते, बाहेरून काही कळत नाही.

"तोलून पाहा ना," आम्ही शहाणपण सांगितले. ते म्हणाले, पुंगळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनांतच काही ग्रेनांचा फरक असतो. दारूचा फरक त्यात लपून जाईल. मग त्यांनी एक पोकळ हातोडा काढला. त्यात काडतूस अडकवून ठोकळ्यावर आपटले, की गोळी जडत्वाने बाहेर येते. एकेक काडतूस आपटावे, दारू काट्यावर घालावी, आकडा वहीत लिहावा. नातू लिहीत होता. विसाव्याच्या पुढे कोठे तरी काटा दुप्पट गेला. दोघेही काही बोलले नाहीत. आजोबांनी ती दारू एका बशीत निराळी ठेवली, आणि उरलेली काडतुसेही तशीच एकेक करून शेवटपर्यंत उघडली.

मग त्यांना आठवले. ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या करून ते दारू घालीत असता दारात कोणी तरी आले होते. उठून गेले, परत आले, आणि चुकीच्या पुंगळीपासून पुढे सुरू केले. एकीत दोनदा पडली, एक तशीच राहिली. गोळ्या बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहण्याचा त्यांचा नेम होता. त्या दिवशी उजेड गेला होता आणि त्यांनी वरवर पाहिले. हे त्यांनी नातवापुढे, आमच्यादेखत सांगितले. चाळीस वर्षे हे काम केलेल्या माणसाला ते सोपे गेले नसावे.

आता त्यांच्या टेबलावर ठोकळ्याच्या अगदी वर एक दिवा टांगलेला आहे. मध्येच उठावे लागले तर सगळ्या पुंगळ्यांतली दारू परत डब्यात ओतून ते पहिल्यापासून आरंभ करतात. आणि दार वाजले, कोणी हाक मारली, तरी ओ देत नाहीत. त्यांच्या पत्नीची यावर मोठी तक्रार आहे; ती आम्हांला मुक्काम संपेपर्यंत रोज ऐकावी लागली.