भावानं टाकलेला खेळाडू

परवा बैठकीत हप्ते जमा झाले आणि एकीच्या मुलानं सांगितलेली गोष्ट निघाली, इंग्लंडच्या फुटबॉलपटूची, जस्टिन फाशानूची.

बाप नायजेरियाचा. जस्टिनला आणि धाकट्या जॉनला एका गोऱ्या कुटुंबानं वाढवलं. १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टनं त्याला १० लाख पौंडांना घेतलं. एवढी किंमत मिळालेला तो पहिला काळा ब्रिटिश खेळाडू. तिथले प्रशिक्षक ब्रायन क्लफ, युरोपियन कप दोनदा जिंकून देणारे. जस्टिन समलिंगींच्या बारमध्ये जातो हे कळल्यावर त्यांनी त्याला सरावालाही येऊ दिलं नाही. आज नॉटिंगहॅममध्ये क्लफ यांचा पुतळा आहे. असू दे, जिंकलेले कप काही खोटे नाहीत. पण पुतळा बघणाऱ्याला हेही कळावं, असं आम्हाला वाटतं.

१९९० मध्ये जस्टिननं वर्तमानपत्रातून उघड सांगितलं, मी समलिंगी आहे. तेव्हा जॉननं, तोही फुटबॉलपटूच, सख्ख्या भावाला जाहीरपणे झिडकारलं. १९९८ मध्ये, अमेरिकेतल्या एका गंभीर आरोपानंतर, जस्टिननं जीव दिला. जॉनला पुढे पस्तावा झाला. त्याच्याच मुलीनं, अमलनं, काकाच्या नावानं संस्था काढली.

हे ऐकून आमच्यातल्या एक ताई रडायला लागल्या. (त्यांना विचारूनच सांगतोय, नाव घेत नाही.) म्हणाल्या, "माझा भाचा तीन वर्षं गावी आला नाही. येऊ नको असं आम्हीच सांगितलं होतं."

पुढच्या बैठकीला ताई नव्हत्या. हप्ता जावेकडे देऊन पुण्याला गेल्या होत्या, भाच्याकडे.