बेसिनखालचे कपाट
न्हाणीघरात बेसिनखाली बसवायचे कपाट घरीच तयार करताना त्याच्या रूपापेक्षा प्लायवूडच्या निवडीला अधिक महत्त्व द्यावे लागते, कारण पाणी फळीच्या पृष्ठभागापेक्षा तिच्या कापलेल्या कडांमधून कितीतरी वेगाने आत शिरते. भारतीय मानक ७१० नुसार बनलेल्या मरीन प्लायवूडचे, म्हणजे जलरोधक फिनॉलिक राळेने चिकटवलेल्या पातळ थरांच्या फळीचे, थर ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही सुटू नयेत, अशी अट असते. तरीही प्रत्येक कड, अगदी नळीसाठी पाडलेल्या भोकाचीसुद्धा, सीलरने बंद करणे अत्यावश्यक ठरते, आणि दुर्दैवाने नेमके हेच काम घाईत राहून जाते. कोकणासारख्या दमट प्रदेशात कपाट फरशीवर न टेकवता भरीव भिंतीला अँकर बोल्टने टांगणे श्रेयस्कर. मागची फळी नळजोडणीपुरती मोकळी ठेवल्यास गळती लवकर लक्षात येते.