पंचनाम्याबाहेरचं नुकसान

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, अलिबाग हा सगळा पट्टा आणि खाली मंडणगड-दापोलीपर्यंतची गावं त्याच्या तावडीत सापडली. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. मुंबई थोडक्यात वाचली म्हणून आपण सुस्कारा सोडला आणि कॅमेरे दुसरीकडे वळले. मला बोलायचंय ते ४ जूनपासून पुढच्या दिवसांबद्दल.

तारीख आधी लक्षात घ्या. जूनचा पहिला आठवडा म्हणजे कोकणात आगोटीची बेगमी भरून झालेली असते. तांदूळ, कडधान्यं, मसाला, पापड, सुकी मासळी, माळ्यावर लाकूडफाटा. बायकांनी उन्हाळाभर खपून जमवलेली ही चार महिन्यांची तरतूद. कौलं उडाली आणि पाऊस थेट तिच्यावर पडला. भिजलेला तांदूळ पसरायचा कुठे? घरात कोरडा कोपरा नाही आणि मृगाचा पाऊस तोंडावर आलेला. पंचनाम्याला आलेल्या माणसाला पडलेली भिंत दिसते. बुरशी धरलेला सोड्यांचा डबा त्याला कोण दाखवणार, आणि दाखवला तरी तो लिहिणार कुठे?

वीज गेली, असं आपण म्हणतो तेव्हा अंधार डोळ्यांपुढे येतो. अंधाराचं एक वेळ निभावतं हो! खरी अडचण पाण्याची झाली. विहीर परसात, पाणी डोळ्यांना दिसतंय, पण पंप बंद. रहाट केव्हाच मोडीत निघालेला, कप्पी गंजून गेलेली. मग गुरांचं दावं आणि नायलॉनची दोरी यांची गाठ मारून बादली सोडायची. साठीतल्या बायकांनी दहा-दहा बादल्या ओढायच्या, कारण धाकटी माणसं छपरावर. गिरण बंद, त्यामुळे तांदूळ असून पीठ नाही, म्हणजे भाकरी नाही. टॉवर बंद, त्यामुळे मुंबईतल्या मुलाला ‘आम्ही जिवंत आहोत’ एवढं कळवायची सोय नाही. एटीएम बंद, त्यामुळे बँकेत पैसे असून हातात दमडी नाही. एका तारेवर आपण किती गोष्टी टांगून ठेवल्या होत्या, ते तार तुटल्यावर उमगलं. राज्याच्या इतर भागांतून लाइनमन आले, भर पावसात त्यांनी खांब उभे केले. तरी आडबाजूच्या काही वाड्यांत दिवा लागायला महिना उलटून गेला.

छपराची गंमत ऐका. अर्थात गंमत आपल्याला, इथे पंख्याखाली बसून. मंगलोरी कौल एका कारखान्याचं असलं तर त्याची खाच दुसऱ्याच्या कौलात बसेलच असं नाही. आजोबांनी शाकारलेल्या छपराची अर्धी कौलं फुटली, की उरलेल्या धड अर्ध्यांना जोड मिळत नाही. नवी आणायची तर सगळीच आणा. त्यात टाळेबंदीचे दिवस. गवंडी, सुतार आपापल्या गावी गेलेले, पत्र्याला मागणी एवढी की भाव दुकानदार सांगेल तो. अशा वेळी शहरांतून मदतीचे टेम्पो आले. देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण जुन्या साड्या आणि बिस्किटांचे पुडे यांपेक्षा त्या आठवड्यात ताडपत्री, सुतळी, खिळे, करवती आणि चार धडधाकट हात यांची किंमत जास्त होती. आपण मदत देताना आपल्या कपाटात काय जास्त आहे ते बघतो, ही आपली जुनी खोड आहे.

आता वाडीकडे येऊ. श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे तिथली सुपारी, नावाजलेली. माडाच्या सावलीत पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल, मधे जायफळ, अशी ती मजल्यामजल्यांची शेती. वादळात माड पडला तो चार पोफळी घेऊन पडला. ज्या उभ्या राहिल्या त्यांची सावली गेली, आणि पोफळीच्या खोडाला पश्चिमेचं कडक ऊन सोसत नाही. ते करपतं, तडकतं. म्हणजे वादळात वाचलेलं झाड पुढच्या उन्हाळ्यात दगावू शकतं. तोवर पंचनाम्याची फाइल बंद!

भरपाई सुरुवातीला हेक्टरी होती. सरकारने ती वाढवून पन्नास हजार केली, हे मान्य करायला हवं. पण हेक्टर हे तिथल्या माणसाचं माप नाही. त्याची वाडी दहा गुंठ्यांची, म्हणजे हातात आले पाच हजार. ओरड झाल्यावर झाडावर हिशोब आला: पोफळीला ५० रुपये, माडाला २५०. अडीचशे रुपयांत तेव्हा पुण्यामुंबईत पाच-सात शहाळी यायची. नवी पोफळ फळायला पाच-सहा वर्षं जातात आणि पडलेला माड तोडून वाडीबाहेर काढायची मजुरी वेगळीच. शिवाय सातबाऱ्यावर नावं आठ. त्यातले दोघे गिरगावात, एक बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही. सगळ्यांची संमतीपत्रावर सही कोण आणणार? ती जमवायची कधी, तर टॉवर बंद असताना! आणखी एक पेच होता. वाटेवर आडवं पडलेलं झाड तोडावं तर पुरावा जातो, न तोडावं तर घरात शिरता येत नाही.

वादळानंतरचं नुकसान असं मोजणीबाहेर राहणं फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया नावाचं हरिकेन पोर्तो रिकोवर आलं. सरकारी आकडा बरेच महिने ६४ मृतांचा होता. ऑगस्ट २०१८ मध्ये, एका विद्यापीठाच्या अभ्यासानंतर, सरकारनेच तो २,९७५ वर नेला. पुढच्या महिन्यांत वीज नव्हती, औषधं मिळत नव्हती, दवाखान्यापर्यंत पोचता येत नव्हतं. आणि त्या काळात नेहमीपेक्षा जी जास्त माणसं दगावली, ती सगळी या आकड्यात धरली. सगळ्या बेटावर वीज परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले. अमेरिकेच्या ताब्यातल्या प्रदेशाची ही कथा.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. पंचनामा दोनदा व्हावा: एकदा वादळानंतर लगेच, आणि एकदा पुढच्या मे महिन्यात, वाचलेल्या झाडांपैकी उभी किती राहिली ते मोजायला. तुमच्यापैकी ज्यांची गावी घरं आहेत, त्यांनी या सुट्टीत गेल्यावर विहिरीवर कप्पी आणि धड दोर आहे का ते बघा. छपराचे, वाडीचे फोटो काढून ठेवा. आणि सातबाऱ्यावरच्या चुलतभावांना एकदा फोन करा. निसर्गनंतर वर्षही झालं नव्हतं, तर मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरी-सिंधुदुर्गाला झोडपून गेलं. त्या वेळीही बऱ्याच सातबाऱ्यांवर हयात नसलेल्या माणसांची नावं तशीच होती.