लंगोट कोण धुणार?

(न्यू जर्सीत झालेल्या आपल्या गटाच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर. बैठकीला येऊ न शकलेल्या सभासदांच्या आग्रहावरून तो इथे देत आहोत.)



आज मला 'पर्यावरणस्नेही पालकत्व' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. दीड वर्षापूर्वी सांगितलं असतं तर मी स्लाइड्स घेऊन आलो असतो. तेव्हा मला या विषयातलं सगळं माहीत होतं, कारण आमची मुलगी अजून जन्मायची होती. आज ती चौदा महिन्यांची आहे आणि माझ्याजवळ स्लाइड एकही नाही. एक कबुलीजबाब मात्र आहे.

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखता. पॉटलकला स्टीलची ताटं घरून घेऊन येणारा तो मीच. तेव्हा बाळाची चाहूल लागल्यावर मी काय काय केलं असेल याची कल्पना तुम्हाला येईल. डोहाळजेवणाच्या आमंत्रणातच लिहिलं, की नवीन काही आणू नका, तुमच्या मुलांचं जुनं द्या. लोकांनी खरोखरच दिलं. कपड्यांच्या सहा पिशव्या, बाबागाडी, उंच खुर्ची. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही आणि तुम्हालाही मी हेच सांगेन. तान्ह्या बाळाचे कपडे फाटण्याआधी आखूड होतात, त्यामुळे एकच अंगडं चार बाळांना आरामात पुरतं. दोन गोष्टी मात्र जुन्या घेताना जपा. कार सीटवर तिची मुदत छापलेली असते. मुदत संपलेली, किंवा अपघातात सापडली होती की नाही हे ठाऊक नसलेली सीट घेऊ नका. आणि ज्याची एक बाजू खाली सरकते तसा जुना पाळणा घेऊ नका. बाळं अडकून दगावल्यामुळे अमेरिकेत २०११ साली त्यांच्या विक्रीवर बंदी आली.

मग आला लंगोटाचा प्रश्न. इथल्या पर्यावरण खात्याच्या अंदाजानुसार २०१८ साली या देशात ४१ लाख टन डिस्पोजेबल डायपरचा कचरा झाला आणि त्यातला ३३ लाख टन जमिनीत पुरला गेला. हे आकडे मी बायकोला वाचून दाखवले आणि जाहीर केलं, की आपल्या घरात डायपरचं खोकं येणार नाही. पस्तीस सुती लंगोट आणि वरून घालायची सहा जलरोधक कव्हरं आणली. 'आपण' कापडी वापरू, 'आपण' धुऊ, असं मी म्हणालो. मराठीत हा 'आपण' फार सोयीचा शब्द आहे.

प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. सिझेरियन झालं. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात. दूध दर दोन-तीन तासांनी. टाके ओले असलेल्या बाईने तळघरातल्या वॉशरपर्यंत जिना उतरायचा नसतो. माझी आई सहा महिन्यांसाठी वाईहून आली होती, ती उतरायची. आणि मी? न्यू जर्सीत २००९ पासून पगारी कौटुंबिक रजेची सोय आहे. २०२० पासून ती बारा आठवड्यांची झाली आणि ती बापालाही मिळते. मी दोन आठवडे घेतली. बाकीची 'लागेल तेव्हा' म्हणून ठेवून दिली, कारण ऑफिसात रिलीज होतं. म्हणजे पृथ्वी वाचवायचा निर्णय माझा होता, आणि ती वाचवत होत्या एक अडतीस आणि एक अडुसष्ट वर्षांची बाई.

पाचव्या आठवड्यात एकदा पहाटे तीनला जाग आली. बायको पलंगाच्या कडेला बसली होती. मांडीवर बाळ, आणि धुतलेले लंगोट संपलेले. ती रडत नव्हती. शांतपणे म्हणाली, "तत्त्व तुझं आहे आणि झोप माझी जातेय. उद्या डायपर आण, नाहीतर ऑफिसला जाऊ नकोस."

सकाळी मी आईला साक्षीला बोलावलं. म्हटलं, "आई, तू आम्हा दोघा भावंडांना कापडी लंगोटांतच वाढवलंस ना? सांग ना हिला." आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अरे, त्यात पर्यावरण कसलं रे? दुसरं काही मिळतच नव्हतं. वाड्यात एक नळ आणि सहा बिऱ्हाडं. पावसाळ्यात लंगोट वाळायचे नाहीत, म्हणून शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर वाळवायचे. माझ्या बोटांची सालं गेली होती. तेव्हा डायपर परवडले असते तर मी पहिल्याच दिवशी आणले असते. आणि एक विचार, तुझ्या बाबांनी किती धुतले?"

बाबांनी एकही धुतला नव्हता. आजोबांनीही नाही. आपण परदेशात बसून 'आपली जुनी पद्धत किती निसर्गाला धरून होती' असं मोठ्या कौतुकाने म्हणतो. दुपटी, गोधड्या, जुन्या धोतरांचे लंगोट, सगळं खरं आहे. पण ती पद्धत ज्यांच्या हातांवर चालली, त्या हातांचा हिशेब आपल्या कौतुकात कुठेच नसतो. आपला गट स्वतःला पुरोगामी म्हणवतो, म्हणून हे इथे मुद्दाम सांगतोय.

मी डायपरचं खोकं आणलं. आणि मग, जे आधी करायला हवं होतं ते केलं, नीट अभ्यास केला. ब्रिटिश सरकारने या विषयाचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला आहे. २००८ च्या अहवालात अडीच वर्षांच्या डिस्पोजेबलचं कार्बन उत्सर्जन सुमारे ५५० किलो आणि कापडीचं सरासरी ५७० किलो निघालं, म्हणजे जवळजवळ सारखंच. कापडीचा सगळा भार धुण्या-वाळवण्यात असतो. पूर्ण भरलेलं मशीन लावलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, तर सुमारे ४० टक्के बचत होते. सतत ड्रायर लावला तर कापडीचा हिशेब डिस्पोजेबलपेक्षाही वाईट ठरतो. २०२३ साली हाच अभ्यास नव्याने झाला, त्यात कापडीचं उत्सर्जन सुमारे २५ टक्क्यांनी कमी आलं. आमचे लंगोट पाच आठवडे ड्रायरमध्येच वाळत होते, कारण आमच्या टाउनहाउसच्या असोसिएशनला बाहेर दोरी चालत नाही! (फ्लोरिडा, व्हर्मोंट, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत दोरीवर कपडे वाळवण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. आपल्याकडेही तो मागण्यासारखा आहे.) शिवाय आईच्या मुंबई-नूअर्क येण्या-जाण्याच्या विमानप्रवासाचं एकटीचं उत्सर्जन एका टनाहून जास्त भरतं. म्हणजे लंगोटांत जे वाचवायचं, त्याच्या कितीतरी पट ते धुणारीला आणण्यात गेलं होतं. आजीने येऊ नये असं मी म्हणत नाही. ती नातीला भेटायला यावी, धुणं धुवायला नको, एवढंच.

मग घरात नवा करार झाला. उरलेली दहा आठवड्यांची रजा मी घेतली. रात्री आणि प्रवासात डायपर, दिवसा कापडी. धुणं, वाळवणं, घड्या घालणं, सगळं माझ्याकडे. तळघरात चार दोऱ्या बांधल्या. शी आधी संडासात झटकायची, थंड पाण्यात खळबळायचं, एक दिवसाआड भरलेलं मशीन. यात काही कठीण नाही, पण ते कुणीतरी रोज करावं लागतं. रजा संपल्यावर मी रात्री जेवणानंतर करू लागलो. ज्या आठवड्यात जमलं नाही, त्या आठवड्यात डायपर वापरले. बायकोने त्यावर एकदाही टोमणा मारला नाही, हे तिचं मोठेपण.

गोष्ट इथे संपली असती. पण मुलगी नऊ महिन्यांची असताना आम्ही पुण्याला बहिणीकडे गेलो, अर्थात डायपर घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा न्यायला आलेल्या बाईंनी दारातच थांबवलं. "दादा, डायपर ओल्या कचऱ्यात नका टाकू. कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, आणि वेगळा द्या. आम्ही हाताने निवडतो."

मित्रहो, मला लाज वाटली. किलोकिलोचे आकडे मला पाठ होते, आणि तो डायपर माझ्यानंतर कुणाच्या हातात जातो हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. इथे तो ट्रकमध्ये जातो आणि दिसेनासा होतो. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे, आणि २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते. लाल ठिपक्याची मोहीम त्यांचीच. २०१३ साली तर त्यांनी वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उत्पादक कंपन्यांना परत पाठवून दिले होते. पुढे केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत, नॅपकिन आणि डायपर गुंडाळायला पाकीट देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. हा बदल पुस्तकी पर्यावरणवाद्यांच्या आधी, ज्यांचे हात त्या कचऱ्यात होते त्या बायकांनी मागितला.

तेव्हा माझ्या वाट्याला आलेलं शहाणपण एवढंच. घरात कुठलाही 'हिरवा' निर्णय घेताना आधी विचारा, की याचं काम कोण करणार? उत्तर 'मी' असेल तर जरूर घ्या. उत्तर 'आपण' असेल तर नावं लिहून काढा. होणाऱ्या बापांनो, रजा पूर्ण घ्या. आणि भारतात गेलात तर लाल ठिपका विसरू नका.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. आमचे पस्तीस लंगोट धुऊन, घडी घालून पिशवीत तयार आहेत. दुसऱ्या बाळाला वापरले तरच हिशेब जुळतो, आणि आमचा दुसऱ्याचा विचार नाही. ज्यांच्याकडे लवकरच पाळणा हलणार आहे त्यांनी मला पत्र लिहावं. अट एकच, पिशवी न्यायला बाळाच्या बापाने यायचं. वॉशर कसा लावायचा ते त्याला मी अर्ध्या तासात दाखवीन.