दिवसा राम, रात्री कृष्ण



संस्थानी काळातील कथा-परंपरांचा विचार करायला आपण आमच्या सुंदरवाडीत, म्हणजे सावंतवाडीत आलात, याचा गावाला मनापासून आनंद आहे. मोती तलाव, राजवाडा, 1852 पासूनचे श्रीराम वाचन मंदिर आपण पाहालच. पण स्वागताध्यक्षाच्या हक्काने मी आज गंजिफ्याविषयीच बोलणार आहे.

दशावतारी गंजिफा म्हणजे 120 गोल पत्त्यांचा खेळ. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार. प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, कुंचल्याने रंगवायचे, वर लाखेचा हात द्यायचा. दिवसा डाव मांडला तर सुरुवात रामाच्या राजाने, रात्री कृष्णाच्या. कथा अशी हाताळली गेली की ती पाठ करावी लागत नाही.

छापील पत्ते आले आणि गंजिफा मागे पडला. ही कला जाणणारे पुंडलिक चितारी तेव्हा उतारवयात होते. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ती वाचवायचे मनावर घेतले. राणीसाहेब स्वतः चितारींकडे शिकल्या आणि राजवाड्यात कारागीर बसवून त्यांनी काम पुन्हा सुरू केले. राणीसाहेबांचा गौरव सर्वत्र झाला, तो योग्यच. चितारींचे नाव मात्र गावातही फारसे निघत नाही, म्हणून ते मी या व्यासपीठावरून मुद्दाम घेतो. आज गंजिफा चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. माझे म्हणणे आहे, तो खेळला पाहिजे. रात्री जेवणानंतर सभागृहात डाव मांडणार आहोत, अवश्य या.

आता व्यवस्थेविषयी. स्टेशन मळगावला, गावापासून लांब. पहाटेच्या गाडीने उतरलेल्या काही पाहुण्यांना ताटकळावे लागले, त्याबद्दल क्षमस्व. एकाच ठिकाणी इतक्या खोल्या मिळाल्या नाहीत, म्हणून निवास विखुरला आहे. काही कमी पडले तर कार्यकर्त्यांना हक्काने सांगा.

ज्या व्यापारी बंधूंनी तांदूळ आणि किराणा दिला, ज्यांनी आपली घरे पाहुण्यांसाठी उघडली, ज्या भगिनी पहाटेपासून सोलकढीसाठी नारळ खवत बसल्या आहेत, ज्यांनी नाव न सांगता देणगी दिली, त्या सर्वांचा मी ऋणी आहे.  आता अध्यक्षांनी परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी मी त्यांना विनंती करतो.