स्वस्त गोळी आणि फार्मासिस्टचा शब्द

गेली तीस वर्षं मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करतो आहे. आज माझीच एक चूक आपल्यासमोर सांगणार आहे.

आमच्याकडे एक निवृत्त काका दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येत. एकदा त्यांनी विचारलं, "जनऔषधी केंद्रात हीच गोळी बरीच स्वस्त मिळते म्हणतात. तिथून घेऊ का?" मी पटकन म्हणालो, "काका, स्वस्त ते स्वस्तच. आहे तीच चालू ठेवा." त्यांनी ऐकलं. पण पुढे ते दोन महिन्यांनी येऊ लागले. चौकशी केली तेव्हा कळलं, खर्च झेपत नाही म्हणून ते गोळी एक दिवसाआड घेत होते.

माझ्या त्या सल्ल्याला आधार काय होता? खरं सांगायचं तर काहीच नव्हता.

औषधाचं पेटंट संपलं, की इतर कंपन्याही ते बनवू शकतात. औषधी द्रव्य तेच, मात्रा तीच. शोधाचा खर्च नसल्यामुळे किंमत कमी. हे झालं जेनेरिक. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट दिलं. २००५ साली हे बदललं. पण तोवर अनेक भारतीय कंपन्या एकच औषध आपापल्या नावानं विकू लागल्या होत्या. म्हणजे आपण 'ब्रँडेड' म्हणून घेतो, त्यातली बहुतेक औषधं जेनेरिकच असतात. काकांची महाग गोळीसुद्धा जेनेरिकच होती!

मग आम्हा दुकानदारांच्या मनात अढी का? आमच्या धंद्यात 'जेनेरिक' म्हणजे डॉक्टरांकडे जाहिरात न करता थेट दुकानात येणारा माल. त्याच्यावर छापील किंमत भरपूर आणि आमची खरेदी अगदी कमी. ज्या मालात आपल्याला एवढा नफा सुटतो, त्याच्या दर्जाबद्दल आपल्यालाच शंका येते.

ही शंका अगदीच निराधार नाही. दोन गोळ्यांतून सारखंच औषध, सारख्याच वेगानं रक्तात पोहोचतं का, याची चाचणी करता येते. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांना नवा परवाना देताना ती २०१७ मध्ये सक्तीची झाली. फिट्स किंवा थायरॉइडच्या काही औषधांत थोडासा फरकही जाणवू शकतो. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत. पण निकृष्ट माल नामांकित वेष्टनातही निघू शकतो. दर्जा प्रयोगशाळेत ठरतो, किमतीवरून नाही.

आमच्यावर कायद्याचंही बंधन आहे. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल, तर शेड्यूल एच मधल्या औषधाऐवजी दुसरं औषध आम्हाला देता येत नाही, द्रव्य तेच असलं तरी. समजावून सांगायला मात्र कुठलाच कायदा आडवा येत नाही. तेवढंही मी केलं नव्हतं.

तेव्हा श्रोतेहो, गोळ्यांच्या पाकिटावर ब्रँडच्या नावाबरोबर द्रव्याचंही नाव असतं. २०१८ पासून बहुतेक औषधांवर ते ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात छापावं लागतं. ते नाव वाचा. डॉक्टरांना सांगा, "मला जेनेरिक नावानं लिहून द्या." आणि आम्हाला विचारा, "यात द्रव्य कोणतं? हेच कमी किमतीत मिळेल का?" उत्तर देणं हे आमचं कामच आहे.

काकांना मी पुन्हा दुकानात बोलावलं, माझी चूक सांगितली आणि डॉक्टरांकडे पाठवलं. ते आता आमच्याकडून गोळ्या नेत नाहीत. जनऔषधी केंद्रातून आणतात, आणि रोज घेतात.