बारावीनंतर : थांबणे म्हणजे संपणे नव्हे
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या आयुष्यातील पन्नासावे वर्ष हा मागे वळून पाहण्याचा क्षण असतो, तसाच तो पुढील पिढीची चिंता वाहण्याचाही असतो. म्हणूनच आजचा विषय डहाणू-तलासरी परिसरातील प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर दरवर्षी उभ्या राहणाऱ्या प्रश्नाचा आहे : बारावी झाली, पुढे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दूर जाण्याचे कारण नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नव्हती, कारण त्यांच्याकडे गुरे राखण्याचे आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम होते. त्या मुलांना दोष न देता या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. ‘कुरणशाळा’ हा शब्द तेव्हापासून शिक्षणक्षेत्राला परिचित झाला.

स्वतः अनुताईंचे शिक्षणही सरळ रेषेत झालेले नव्हते. बालवयातच वैधव्य आले. त्यांनी शिक्षिकेची नोकरी सांभाळत रात्रशाळेतून मॅट्रिक पूर्ण केले आणि पदवी घेतली ती पन्नाशी ओलांडल्यावर. १९८५ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरविल्या गेलेल्या या विदुषीला कोणी ‘शिक्षण सोडलेली’ म्हणू शकेल काय?

आजही परिस्थितीचा पेच तोच आहे. बारावीचा निकाल लागतो, पाठोपाठ पाऊस येतो आणि पाड्यावरच्या घरात आवणीसाठी प्रत्येक हात हवा असतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीची वाट धरतात. बाजारपेठेतील व्यापारी घरात वेगळेच घडते. वडिलांची प्रकृती बिघडते आणि मुलगा दुकानाच्या गल्ल्यावर बसतो. कुठे वापी-उंबरगावच्या कारखान्यातील पगार खुणावतो, तर कुठे मुलीचे लग्न ठरते. कारणे निरनिराळी, परिणाम मात्र एकच. वर्ष चुकते आणि ‘आता राहिले ते राहिलेच’ ही भावना मनात घर करते.

ही भावना आता निराधार ठरावी, अशा तरतुदी झाल्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात मध्येच थांबण्याची आणि पुन्हा प्रवेश घेण्याची सोय आली. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. एक वर्ष पूर्ण करून आवश्यक तो कौशल्य अभ्यासक्रम केल्यास प्रमाणपत्र, त्याच रीतीने दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स पदवी अशी ही रचना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करू शकतो. मिळविलेली श्रेयांके २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात. व्यापारी समाजाला हे समजावण्याची गरज नाही. मधल्या काळात व्यवहार थांबला, म्हणून खात्यावरील जमा बुडत नाही.

ज्यांना रोज महाविद्यालयात जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८५ पासून इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठही कार्यरत आहे. बारावीत अडखळलेल्यांना पुरवणी परीक्षा देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तर एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. हाताला कौशल्य हवे असेल, तर आयटीआय आहे. आयटीआय झालेल्यास किंवा विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यास, पात्रतेच्या अटी पूर्ण केल्यास, तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. म्हणजे आयटीआय ही वाट बंद गल्लीत संपत नाही.

मात्र या सवलतींची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. मध्येच बाहेर पडण्याची मुभा ही शिक्षण सोडण्याचे सभ्य नाव होता कामा नये. एका वर्षाच्या प्रमाणपत्राला पदवीचे मोल नाही. नाइलाजाने थांबावे लागले, तर परतण्याचे वर्ष त्याच दिवशी ठरवावे. दूरशिक्षणाला प्रवेश घेताना त्या अभ्यासक्रमास अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही, हे आधी पाहावे. वैद्यक, अभियांत्रिकी, परिचर्या, औषधनिर्माण यांच्या पदव्या घरबसल्या मिळत नाहीत. तसे सांगणाऱ्या जाहिरातीपासून दूर राहावे.

तरतुदी कागदावर आहेत, परंतु त्या पालकांपर्यंत पोहोचविणारे माणूस हवे. निकालानंतरचे तीन-चार आठवडे निर्णायक असतात. त्या काळात ट्रस्टच्या सभागृहात रोज दोन तास एखादा निवृत्त शिक्षक किंवा पदवीधर तरुण बसला, अर्ज भरून देऊ लागला, मुदतीच्या तारखा फलकावर लिहू लागला, तर अनेक वर्षे वाचतील. त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे थांबलेल्यांची एक वही ठेवणे. कोण केव्हा थांबले, का थांबले, परतण्याची मुदत केव्हा संपते याची त्यात नोंद व्हावी आणि वर्षातून एकदा प्रत्येकाच्या दारी कोणीतरी जाऊन यावे. या वहीत दुकानदाराच्या मुलाचे नाव असावे, तसेच त्याच दुकानात काम करणाऱ्या मुलाचे आणि घरकामाला येणाऱ्या मावशींच्या लेकीचेही असावे.

जैन परंपरेने ज्ञानदानाला श्रेष्ठ दानांत स्थान दिले. ते दान देणगीच्या पावतीपुरते नाही. थांबलेल्या मुलाला ‘अजून उशीर झालेला नाही’ असे वेळेवर सांगणे, हेही ज्ञानदानच. कोसबाडच्या टेकडीवर शाळा मुलांच्या मागे गेली होती. सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने तेवढीच पावले चालावीत, हीच सदिच्छा.

जय जिनेन्द्र.